व्हिनियरचे स्पीकर: पुसायचे कसे, जपायचे कसे आणि हात कुठे आवरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी १९८०च्या आसपास घेतलेली उभ्या स्पीकरची जोडी आता तुमच्याकडे आली आहे. अक्रोडाचं व्हिनियर आहे, म्हणजे बोर्डावर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. वर्षानुवर्षं फर्निचरच्या स्प्रेने पुसल्यामुळे वरच्या बाजूला चिकट, ढगाळ थर बसलाय. डाव्या स्पीकरवर कुंडी ठेवल्याचा पांढरा गोल डाग आहे, उजव्याच्या खालच्या कोपऱ्याला व्हिनियर सुटलंय. आणि कुणीतरी सल्ला दिलाय की बारीक स्टील वूलने घासून काढा, मग जवसाचं तेल भरपूर पाजा.

आधी ते स्टील वूल बाजूला ठेवा. घासताना त्याचे केसासारखे बारीक तुकडे पडतात, आणि स्पीकरच्या खोक्यात दोन-तीन ताकदवान चुंबकं बसलेली असतात. हे तुकडे वूफरकडे (जाड आवाज काढणारा मोठा भाग) आणि ट्वीटरकडे (बारीक आवाज काढणारा छोटा भाग) ओढले जातात. व्हॉइस कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, ज्या फटीत मागेपुढे हलते ती फट मिलिमीटरच्याही अंशात मोजायची असते. तिच्यात लोखंडाचा एक तंतू अडकला तरी खरखर सुरू होते, आणि तो तंतू बाहेर काढणं फार अवघड असतं, कारण चुंबक त्याला सोडत नाही. टेबलासाठी किंवा दारासाठी स्टील वूल उत्तम आहे, स्पीकरजवळ ते आणूच नये. त्या जागी न विणलेल्या नायलॉनचा पांढरा किंवा राखाडी पॅड वापरा. भांडी घासायचा हिरवा पॅड मात्र नको, तो खूप खरखरीत असतो आणि पॉलिशवर ओरखडे उठवतो.

राहिला तेलाचा सल्ला. तो बरोबर आहे की चूक, हे तुमच्या व्हिनियरवर आज काय लावलेलं आहे त्यावर ठरतं. माझ्या कामाचा हा पहिला नियम आहे: वर काय आहे ते कळल्याशिवाय वर काही लावायचं नाही. व्हिनियरची बहुतेक नासाडी हेळसांडीने होत नाही, काळजीपोटी होते. जास्त पाणी, जास्त तेल, जास्त घासणं. माणूस जीव लावून करतो आणि त्यातच ते बिघडतं.

व्हिनियर किती पातळ असतं ते आधी लक्षात घ्या. हल्लीचं साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, जुन्या कॅबिनेटवर थोडं जाड मिळतं. त्याच्या खाली चिपबोर्ड (लाकडाच्या कपच्या दाबून केलेला) किंवा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला) असतो. तुमची जोडी ज्या काळातली आहे त्या काळात बहुधा चिपबोर्डच. हे दोन्ही बोर्ड पाण्याचे वैरी. कडेतून पाणी शिरलं की बोर्ड फुगतो, आणि वाळला तरी पूर्ववत बसत नाही. म्हणजे तुमच्या हातात खऱ्या लाकडाचा एक पापुद्रा आहे आणि त्याच्याखाली पाणी न सोसणारा बोर्ड. पुढचं सगळं याच दोन गोष्टींवर बेतलेलं आहे.

एक खात्री आधी करून घ्या, ते खरंच लाकूड आहे का. त्या काळातही लाकडाचं चित्र छापलेली व्हिनाइलची फिल्म लावलेले पुष्कळ स्पीकर निघाले, आणि चार फुटांवरून फरक कळत नाही. जवळून पाहा. खऱ्या व्हिनियरमध्ये लाकडाची छिद्रं दिसतात, उजेड तिरपा धरला की पोत हलल्यासारखा वाटतो, आणि दोन्ही बाजूंचं चित्र कधीही तंतोतंत सारखं नसतं. व्हिनाइलमध्ये तीच गाठ थोड्या अंतरावर पुन्हा येते. कोपऱ्यावर नीट बघा: व्हिनाइल सहसा घडी घातलेल्या कागदासारखं एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर अखंड वळतं, व्हिनियरला कडेला बारीक सांधा दिसतो. व्हिनाइल निघालं तर काम अगदी सोपं आहे. ओलसर फडक्याने पुसा, कोरडं करा, संपलं. त्यावर तेल मुरत नाही आणि इस्त्री तर अजिबात लावायची नाही, वितळेल.

खरं व्हिनियर आहे असं धरून पुढे जाऊ. आता पॉलिश ओळखायचं. जागा निवडताना एक गोष्ट पाळा: मागची बाजू बऱ्याचदा नुसती काळी रंगवलेली असते, तिथे केलेली चाचणी निरुपयोगी. बाजूच्या फळीवर अगदी मागच्या कडेला, तळाजवळ बोटभर जागा घ्या. स्प्रेचा थर असेल तर ती जागा आधी व्हाइट स्पिरिटने, म्हणजे रंगकामात वापरतात त्या मिनरल टर्पेंटाइनने, पुसून घ्या. नाहीतर तुम्ही स्प्रेचीच चाचणी कराल.

मग पाण्याचा एक थेंब ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. खालचं लाकूड गडद झालं, थेंब पसरला, तर वर बंद थर नाही. ते तेलाचं किंवा मेणाचं फिनिश आहे, किंवा कधीकाळी होतं आणि आता झिजलंय. थेंब गोल राहिला आणि पुसल्यावर मागमूस नाही, तर वर थर आहे. कोणता थर, हे कळायला कापसाच्या काडीला पॉलिशचं स्पिरिट, म्हणजे डिनेचर्ड अल्कोहोल, लावून अर्धा मिनिट टेकवा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. काही झालं नाही तर दुसरी काडी एनसी थिनरमध्ये बुडवून शेजारी टेकवा. आता विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर पीयू (पॉलीयुरेथेन), मेलामाइन किंवा पॉलिएस्टर, म्हणजे रासायनिक क्रियेने कडक झालेला थर. क्रम उलटा करू नका. थिनर लाखेलाही मऊ करू शकतो आणि मग दोघांतला फरक कळत नाही.

हे का महत्त्वाचं? कारण बंद थरातून तेल लाकडात जातच नाही. लॅकर किंवा पीयूवर तुम्ही कितीही जवसाचं तेल लावा, ते वरच राहील, चिकट होईल, धूळ धरेल आणि काही महिन्यांनी पिवळट साय झाल्यासारखं दिसेल. लाकूड ‘तहानलेलं’ असतं ही समजूत फार खोलवर बसलेली आहे. कापून, सुकवून, चिकटवलेल्या लाकडाला पोषण लागत नाही. त्याला तडे जातात ते हवेतला ओलावा वरखाली झाल्याने, तेल कमी पडल्याने नव्हे. तेलाच्या फिनिशवर पुन्हा तेल द्यायचं ते पृष्ठभागाचं झिजलेलं संरक्षण भरून काढायला. तुमचा स्पीकर लॅकरचा निघाला तर तेलाचा डबा उघडायचाच नाही.

आता प्रत्यक्ष सफाई. ॲम्प्लिफायर बंद करा, वायरी सोडा, जाळ्या काढा. जाळी एका कोपऱ्यातून हिसका देऊन काढू नका, चारही खुंट्यांजवळ थोडी थोडी सैल करत आणा. जुन्या प्लास्टिकच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतात आणि तुटल्या तर खुंटीचं टोक कॅबिनेटच्या भोकातच राहतं. स्पीकर जाड रजईवर आडवा ठेवा, पुढची बाजू वर. मग वूफर आणि ट्वीटर झाकायचे. मी पुठ्ठ्याचा तुकडा वूफरपेक्षा मोठा कापतो आणि कडेने कमी चिकटणाऱ्या कागदी टेपने बसवतो. टेप ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफर-ट्वीटरच्या, धातूच्या किंवा प्लास्टिकच्या कड्यावर चिकटवायची, व्हिनियरवर नाही. जुनं लॅकर टेपबरोबर सोलून येतं, आणि व्हिनियर आधीच सैल असेल तर तेही. ड्रायव्हर काढून ठेवायचा मोह आवरा. काढावाच लागला तर एक ध्यानात ठेवा: स्क्रूड्रायव्हर चुंबकाजवळ गेला की हातातून ओढला जातो आणि थेट कोनमध्ये, म्हणजे वूफरच्या पडद्यात, घुसतो. दुसऱ्या हाताचा पंजा कोनवर आडवा धरूनच स्क्रू काढायचे, आणि वायरीतली कोणती धन, कोणती ऋण, याची खूण आधी करून ठेवायची.

कोरडी धूळ आधी. मऊ, लांब केसांचा ब्रश, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. धुळीत बारीक वाळू असते, आणि तीच ओल्या फडक्याखाली फिरली की पॉलिश पेपरचं काम करते. चकचकीत पियानो फिनिशवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल ओरखड्यांची नक्षी दिसते, ती बहुतेक वेळा कोरड्या फडक्याने जोर लावून पुसल्यामुळेच आलेली असते. ट्वीटरला हात लावायचा नाही. रेशमी घुमटावर एक किंचित चिकट लेप असतो, तो पुसला की निघतो. धातूच्या घुमटाला बोटाचा धक्का पुरतो, खोक पडते. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड ड्रायव्हरजवळ नेऊ नका, घुमट आणि मधली टोपी आत-बाहेर ओढली जाते. वूफरच्या पडद्याभोवतीचं लवचीक वळं रबराचं असेल तर किंचित ओलसर फडकं चालतं. फोमचं असेल तर त्याला कोणतंही द्रव नको. तुमच्या जोडीच्या वयाचा फोम बोट लावल्यावर भुगा होण्याच्या बेताला आलेला असू शकतो. तसं असेल तर तो बदलून घेण्याचं काम वेगळं आणि व्हिनियरच्या आधीचं.

मग ओली सफाई. एक लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नको. सुती किंवा मायक्रोफायबर फडकं त्यात बुडवून इतकं पिळा की पुन्हा पिळलं तर थेंबही पडणार नाही. फडकं पुसून पुढे गेलं की मागे राहिलेली ओल दहा-पंधरा सेकंदांत आपोआप उडून गेली पाहिजे. उडत नसेल तर फडकं जास्त ओलं आहे. हातभर भाग घ्या, रेषेच्या दिशेने पुसा, साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण काढा, लगेच कोरडं करा, मग पुढचा भाग. खालच्या कडा, पोर्टचं (खोक्याच्या हवेच्या भोकाचं) तोंड, मागच्या टर्मिनलच्या कपाभोवतीची जागा आणि तुमचा तो सुटलेला कोपरा, इथे ओलं फडकं नको. द्रव कधीही थेट स्पीकरवर फवारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा. फवारा उडतो तो कोनवर, जाळीच्या कापडावर आणि पोर्टमधून आत जातो.

साबणाच्या पाण्याने धूळ, बोटांचे डाग आणि धुराचा पिवळा थर जाईल, पण स्प्रेचा ढगाळ थर बहुधा जाणार नाही. त्यात मेण, तेल आणि बऱ्याचदा सिलिकॉन असतं. त्यासाठी व्हाइट स्पिरिट. मऊ फडक्याच्या घडीवर थोडं घ्या, छोटा भाग ओला करा, मिनिटभराने घडी उलटून स्वच्छ बाजूने पुसा. फडक्यावर तपकिरी-पिवळी घाण येईल, ती येत राहीपर्यंत फडकी बदलत राहा. वाळलेल्या लॅकरला, पीयूला आणि लाखेलाही व्हाइट स्पिरिट सहसा काही करत नाही, पण छापलेल्या नावावर, रबरावर, फोमवर आणि जाळीच्या कापडावर ते लागू देऊ नका. खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नाही, हातात मोजे. सिलिकॉन पूर्ण निघत नाही, थोडं उरतं. रोजच्या वापरात ते दिसणार नाही. मात्र पुढे कधी नवीन लॅकर मारायचं ठरलं तर त्या जागी फिनिश गोळा होऊन बारीक खळगे पडतात, कारागिराला हे आधीच सांगा. स्प्रेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरात असेल तर काचेसाठी ठेवा, लाकडाच्या जवळ नको. अमोनियाचे क्लीनर आणि पांढरे मेलामाइनचे जादूचे स्पंजही नको. तो स्पंज मुळात बारीक घासणीच आहे, चमकदार जागा कायमची मंद करतो. स्वयंपाकाचं तेलही नको, ते वाळत नाही, खवट होतं.

आता कुंडीचा डाग. पांढरा आहे ही चांगली बातमी. पांढरा डाग म्हणजे ओलावा पॉलिशच्या थरात अडकलाय, लाकडापर्यंत गेलेला नाही. काळा असता तर पाणी लाकडात जाऊन तिथल्या टॅनिनची (लाकडातल्या तुरट द्रव्याची) लोखंडाशी क्रिया झाली असा अर्थ निघाला असता. अक्रोड आणि ओक दोन्ही त्या बाबतीत संवेदनशील.

पांढऱ्या डागासाठी आधी सर्वांत सौम्य उपाय. केस वाळवायचा ड्रायर, कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, सतत हलता ठेवून दोन-तीन मिनिटं. हात ठेवला तर कोमट लागावं, चटका नको, कारण खालचा गोंदही उष्णतेने मऊ होतो. बरेच डाग यातच फिके पडतात. नाही गेला तर एक दिवस थांबून पुन्हा करा, घाई नको. तरीही राहिला तर मिनरल ऑइलचे दोन थेंब आणि पांढरा नायलॉन पॅड, अगदी हलक्या हाताने, रेषेच्या दिशेने. हेतू थर काढण्याचा नाही, वरचा धुकट पापुद्रा किंचित घासून उजेड आत जाऊ देण्याचा आहे. मध्ये मध्ये व्हाइट स्पिरिटने पुसून बघत राहा आणि ऐंशी टक्के गेला की थांबा. उरलेला डाग मेणाच्या हाताखाली दिसेनासा होतो, पण थराच्या आरपार गेलात तर डागाऐवजी चट्टा मिळेल. लाखेचं पॉलिश असेल तर पॉलिशचं स्पिरिट लावलेली घडी एकदाच हलकेच फिरवून डाग घालवता येतो. ते काम सरावाचं आहे. घडी एका जागी क्षणभर रेंगाळली की फडक्याची वीण पॉलिशवर उमटते. पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या पॉलिशवाल्याला द्या.

काळा डाग निघाला तर ऑक्झॅलिक ॲसिड हा खरा उपाय आहे, पण त्यासाठी वरचं पॉलिश काढून उघड्या लाकडावर पाण्यातलं द्रावण लावावं लागतं. ते विषारी असतं, त्याची पूड नाकात जाता कामा नये, आणि नंतर ते नीट धुऊन काढावं लागतं. अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनियरवर, खाली चिपबोर्ड असताना, इतकं पाणी खेळवणं मला घरच्या घरी करण्यासारखं वाटत नाही. फार मोठा डाग नसेल तर तो राहू द्यावा.

सुटलेल्या कोपऱ्याकडे मी सर्वांत आधी लक्ष दिलं असतं, कारण फडकं अडकलं तर चीर लांब जाते. आधी नखाने हलकेच वर करून आत बघा. आतला बोर्ड घट्ट आणि कोरडा असेल तर दुरुस्ती सोपी आहे. भुसभुशीत, फुगलेला असेल तर तिथे कधीतरी पाणी गेलंय. मग आधी तो पूर्ण वाळू द्या आणि सपाटपणा परत येईल ही आशा धरू नका.

घट्ट असेल तर दोन वाटा आहेत. कारखान्यात पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवलेलं असेल तर तो गोंद उष्णतेने मऊ होतो आणि दाबून थंड केला की पुन्हा धरतो. व्हिनियरवर जाडसर सुती कापड ठेवा, इस्त्री मध्यमहून कमी, वाफ बंद, आठ-दहा सेकंद टेकवा आणि लगेच सपाट लाकडी ठोकळ्याने दाबून धरा. ठोकळा पूर्ण गार होईपर्यंत उचलायचा नाही. पण लॅकरला उष्णतेने फोड येऊ शकतात, म्हणून मागच्या कडेला एकदा करून बघा. दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते. फटीतली धूळ पातळ ब्रशने काढा. सुतारकामाचा पांढरा गोंद पातळ पात्याच्या टोकाने किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने आत शिरवा. थोडा पुरतो. बोटाने आतून बाहेरच्या दिशेने दाबा, बाहेर आलेला गोंद ओलसर फडक्याने तत्काळ पुसा, कारण वाळलेला गोंद पुढे कुठलंही तेल मुरू देत नाही आणि तिथे फिकट डाग राहतो. वर पॉलिथिनचा तुकडा, त्यावर सपाट ठोकळा, आणि शिकंजा किंवा वजन. रात्रभर तसंच. शिकंजा कचकचून आवळू नका, सगळा गोंद पिळून बाहेर येतो आणि जुना बोर्ड कोपऱ्यावर चेपतो. झटपट चिकटणारा इन्स्टंट ग्लू इथे नको. तो लाकडात झिरपून काळपट ओघळ उमटवतो आणि ते निघत नाहीत.

मधेच फुगा आला असेल, कडेला नाही, तर नव्या ब्लेडने रेषेच्या दिशेने एक बारीक छेद द्या, त्यातून गोंद आत घाला आणि तसंच दाबा. रेषेच्या दिशेचा छेद नंतर शोधूनही सापडत नाही. आडवा छेद आयुष्यभर दिसतो.

ओरखड्यांबाबत थोडक्यात. पॉलिशपुरता ओरखडा असेल तर मेणाने झाकला जातो. लाकडापर्यंत गेला असेल तर लाकडाच्या रंगाचा टच-अप पेन किंवा मेणाची कांडी. रंग निवडताना शंका आली तर किंचित गडद घ्या. गडद रेघ लाकडाच्या रेषेत मिसळते, फिकी रेघ ओरखडाच वाटते. खोलगट चेपलेल्या जागेवर वाफ देऊन लाकूड फुगवण्याची युक्ती सलग लाकडाची आहे. व्हिनियरवर ती गोंद सोडवते, करू नका. आणि मशीनने पॉलिश पेपर कधीच मारू नका. कडेवर व्हिनियर सर्वांत आधी झिजतं, आणि खालचा बोर्ड दिसला की तिथे पुन्हा लाकूड उगवत नाही. पेपर मारावाच लागला तर ३२० नंबरचा, ठोकळ्यावर गुंडाळून, हाताने, रेषेच्या दिशेने, आणि कडांपासून बोटभर आत थांबून.

आता तेल. चाचणीत थेंब मुरला, म्हणजे तुमचं फिनिश तेलाचं निघालं, तर इथे खरा आनंद आहे. सुकलेलं, राखाडी पडलेलं अक्रोड पहिल्या हातात पुन्हा जिवंत दिसू लागतं, रेषा खोल होतात, आणि ते बघताना मला आजही थांबावंसं वाटतं. बेलतेल, म्हणजे लवकर वाळावं म्हणून तयार केलेलं जवसाचं तेल, चालेल. डॅनिश ऑइल मला अधिक आवडतं. त्यात सहसा वाळणारं तेल, थोडं वार्निश आणि थिनर असतं, त्यामुळे ते लवकर वाळतं आणि चिकट राहण्याचा धोका कमी. कच्चं जवसाचं तेल वाळायला दिवसचे दिवस घेतं, ते टाळा. आदल्या दिवशी व्हाइट स्पिरिटने सगळं पुसून वाळू द्या. मग फडक्याने पातळ हात, रेषेच्या दिशेने, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, आणि मग जे वर राहिलं ते सगळं, शब्दशः सगळं, कोरड्या फडक्याने पुसून काढा. वर राहिलेलं तेल मुरत नाही, तिथेच चिकट कातडी धरतं. चोवीस तासांनी दुसरा हात, तितकाच पातळ. बहुतेक वेळा दोन पुरतात. ‘भरपूर पाजा’ हा सल्ला तेलाच्या फिनिशसाठीही चुकीचा आहे. पुढे दरमहा वगैरे तेल देऊ नका. लाकूड कोरडं, फिकं दिसू लागलं की मगच, साधारण वर्षा-दोन वर्षांनी.

दोन्ही स्पीकर एकाच बैठकीत करा, एकच डबा, तेवढाच वेळ. चांगल्या जोडीचं व्हिनियर एकाच ओंडक्याच्या लागोपाठच्या कापांतून घेतलेलं असतं, म्हणून डाव्या-उजव्याच्या रेषा एकमेकींशी जुळतात. एकाला तेल देऊन दुसरा ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला की ती जुळणी रंगात तुटते. एकावरच डाग असला तरी शेवटचा हात दोघांवर.

तेलाच्या फडक्यांबद्दल एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जवसाचं तेल वाळतं ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून, आणि त्यात उष्णता बाहेर पडते. फडकी चुरगळून टोपलीत टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांत फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. काम झाल्यावर प्रत्येक फडकं उघड्यावर एकेरी पसरून कडक वाळू द्या, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. जेवून आल्यावर बघू, असं नाही, लगेच.

लॅकर किंवा पीयू निघालं तर तेलाऐवजी मेण. मधमाशीच्या मेणाचं आणि कार्नोबाचं (एका पामच्या झाडाच्या कडक मेणाचं) मिश्रण, किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेण. या दुसऱ्या प्रकारातलं रेनेसान्स वॅक्स १९५०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत वस्तू जपण्यासाठी तयार झालं, आणि ते बोटांचे ठसे कमी धरतं हा माझाही अनुभव आहे. वाटाण्याएवढं मेण फडक्यावर, पातळ पसरवा, काही मिनिटांनी स्वच्छ फडक्याने चमकवा. वर्षातून एकदा पुष्कळ झालं. चकचकीत पॉलिएस्टरला मेणाचीही गरज नाही.

पुढे जपायचं ते उजेड आणि ओलाव्यापासून. थेट ऊन अक्रोडाला फिकं करतं. चेरी आणि महोगनी उलट उजेडाने गडद होतात. म्हणून जाळी कायम लावून ठेवली तर पुढच्या फळीवर तिचा आकार उमटतो, आणि वर ठेवलेल्या वस्तूचा चौकोन राहतो. नवीन जोडी असेल तर पहिले काही महिने जाळ्या अधूनमधून काढून ठेवा, वर काहीही ठेवू नका. तुमच्या जोडीत एक स्पीकर खिडकीजवळ असल्याने फिका झालाय का ते बघा. झाला असेल तर जागा अदलाबदल करा, काही काळाने अंतर कमी होतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास राहिली तर व्हिनियर सुखात असतं. एसीचा किंवा हीटरचा झोत थेट अंगावर नको. दमट दिवसांत भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा म्हणजे मागे हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही.

पायांकडेही बघा. स्टँडवर स्पीकर घट्ट बसावा म्हणून लावतात ती निळी पुट्टी तेलाच्या फिनिशवर तेलकट ठिपके सोडते, आणि काही रबरी व प्लास्टिकच्या पायांतलं मऊ करणारं द्रव्य झिरपून लॅकर चिकट करतं. खाली व्हिनियर असेल तर मधे नमद्याचा तुकडा घाला. आणि कुंडी वर नकोच, खाली बशी ठेवली तरी नको.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा: आधी कोपरा चिकटवा आणि रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी धूळ, साबणाचं पाणी आणि व्हाइट स्पिरिट, मग चाचणी, मग पांढरा डाग, आणि शेवटी चाचणीत जे निघेल त्याप्रमाणे तेल किंवा मेण. जाळ्यांचं कापड चिकट रोलरने साफ करा, चौकट एमडीएफची असेल तर पाण्यात बुडवू नका. तेल दिलंत तर जाळ्या लावायला तीन-चार दिवस थांबा. हात फिरवल्यावर बोटाला काहीच लागत नाही आणि वास जवळपास गेलाय अशी खात्री झाली की मगच लावा, नाहीतर कापडाची लव ओल्या तेलात चिकटते आणि ती काढायला पुन्हा व्हाइट स्पिरिटपासून सुरुवात करावी लागते.